‘त्रेचाळीस वर्षं जमलंच की, मग आता काय?’

ताई,

मी ४३ वर्षांची आहे. डोंबिवलीत राहते, एका सहकारी बँकेच्या बॅक ऑफिसला आहे. गेल्या वर्षी मुलीच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तिची तपासणी करून घ्यायला सांगितलं. तिची प्रश्नावली भरताना मी प्रत्येक प्रश्नाला अडत होते, कारण उत्तर माझंच होतं. तिचं निदान झालं, आणि तिच्यामागोमाग मी स्वतःची तपासणी करून घेतली. तीन महिन्यांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, मला ऑटिझमही आहे आणि एडीएचडीही. दोन्ही जन्मापासूनची मेंदूची वेगळी ठेवण: पहिल्यात माणसांत मिसळणं आणि आवाज-उजेड जड जातो, दुसऱ्यात लक्ष हवं तिथे टिकत नाही.

तेव्हापासून रडू येतं, राग येतो, मधेच एकदम हलकंही वाटतं. नवरा स्वभावाने चांगला आहे, पण म्हणतो, ‘त्रेचाळीस वर्षं जमलंच की तुला. नोकरी, घर, मूल, सगळं केलंस. आता हे लेबल कशाला?’ सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मलाही वाटतं, मी आळशीपणाला नाव शोधलंय का? ऑफिसात माझ्या नोंदी पैशापैशाला जुळतात आणि घरी आठवड्यातून तीनदा दूध उतू जातं. रोज सकाळी मला तोच उपमा लागतो, आणि एक दिवस अचानक त्याचा वासही नको होतो. संध्याकाळी घरी आले की अर्धा तास बाथरूममध्ये दिवा न लावता बसते. मोडी शिकायला घेतली, पाच महिने रात्र रात्र बसून पणजोबांचं खरेदीखत वाचलं, मग वही कपाटात गेली. गच्चीवरच्या कुंड्यांचं तेच, भरतकामाचं तेच. रोजचं जगू कसं? कुणाला सांगू? मुलीला सांगू का?

– एक आरंभशूर, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

आधी तुमची सही खोडते. पणजोबांचं मोडीतलं खरेदीखत जी पाच महिन्यांत वाचून काढते, तिला आरंभशूर म्हणत नाहीत. जे वाचायचं होतं ते तुम्ही वाचलंत आणि थांबलात.

आपल्यासारख्यांसाठी मराठीत शब्दांची कधीच कमतरता नव्हती. धांदरट, वेंधळी, आरंभशूर, तुसडी, माणूसघाणी. ‘आपल्यासारख्यांसाठी’ म्हणाले, कारण माझं स्वतःचं निदान ५१व्या वर्षी झालं आणि यातला एकही शब्द मला चुकला नाही. दुसरं काही नाव हाताशी नव्हतं, म्हणून आपण हीच नावं खरी मानली. तुम्ही तर सहीतच घातलंत.

आता तुमच्या यजमानांच्या वाक्याकडे येते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या खाली तेच वाक्य आहे. ‘जमलंच की.’ ते खोटं बोलत नाहीत. जमलं. पण तुम्ही बँकेत आहात, एकाच बाजूच्या नोंदी पाहून हिशेब होत नाही हे तुम्हाला कुणी सांगायला नको. त्यांना जमेची बाजू दिसते. नावे काय पडलं ते कुणी लिहिलंच नाही, तुम्हीही नाही. हळदीकुंकवाला तुम्ही गेलात, हसलात, वाण घेतलं, उखाणा घेतला. हे सगळ्यांनी पाहिलं. त्याआधी दोन दिवस कुणाशी काय बोलायचं याची वाक्यं मनात घोकली, तिथे चार जणी एकदम बोलत असताना कुठलाच आवाज वेगळा काढता आला नाही, हसायचं कधी ते दुसरीच्या चेहऱ्यावरून ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून पडून राहिलात, हे कुणी पाहिलं नाही. तुमच्या पत्रात हळदीकुंकू नाही, हे मी माझ्या आयुष्यातून सांगते आहे. पण तुमचं फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

या लपवण्याला मास्किंग म्हणतात. ते इतक्या लहानपणी सुरू होतं की करणारीला तो आपला स्वभावच वाटतो. त्याला शक्ती लागते, आणि ती शक्ती संपली की शरीर अंधार मागतं. तुमचा बाथरूममधला अर्धा तास म्हणजे दिवसभराच्या खर्चाची भरपाई आहे. तो बंद करायच्या नादाला लागू नका. फक्त तो बाथरूममधून बाहेर आणा. झोपायच्या खोलीत एक खुर्ची, जाड पडदा, आणि घरात जाहीर केलेली वेळ: साडेसात ते आठ आई बोलणार नाही. लपून घेतलेल्या विश्रांतीत कान दाराकडेच असतात, म्हणून ती पुरत नाही.

एक आठवडा छोट्या वहीत दोन रकाने लिहा. डावीकडे काय केलं, उजवीकडे त्यासाठी काय गेलं. झोप, डोकेदुखी, राहिलेलं जेवण, मुलीवर विनाकारण ओरडणं. आठवड्याने ती वही यजमानांना वाचायला द्या. डॉक्टरांच्या अहवालापेक्षा त्यांना ती लवकर कळेल.

आळशीपणाचं म्हणाल, तर काम न करण्यात आळशी माणसाला सुख मिळतं. तुम्ही सोफ्यावर बसून ‘ऊठ, कपडे वाळत घाल’ असं स्वतःला दोन तास बजावत राहता, उठता येत नाही, आणि त्या दोन तासांत एक क्षणही विसावा मिळत नाही. काम सुरू करणं, मधे सोडून दुसऱ्याकडे वळणं, किती वेळ गेला याचा अंदाज ठेवणं, ही मेंदूची वेगळी कामं आहेत आणि एडीएचडीत नेमकी तिथेच अडचण असते. बँकेत नोंदी जुळतात, कारण तिथे काम समोर ठेवलेलं असतं, त्याला कट-ऑफ असतो आणि चूक लगेच दिसते. दुधाला कट-ऑफ नसतो. ते शांतपणे तापत राहतं आणि तुम्ही पाठ फिरवताच वर येतं.

मग इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? राग यावा असंच हे आहे. एक कारण तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. जगभरचे मानसोपचारतज्ज्ञ ज्या डीएसएम नावाच्या निदान-पुस्तिकेचा आधार घेतात, तिच्या १९९४च्या आवृत्तीप्रमाणे ऑटिझम असलेल्या व्यक्तीला एडीएचडीचं वेगळं निदान द्यायचं नसे. ही अट २०१३च्या पाचव्या आवृत्तीत गेली. तेव्हा तुमची तिशी आली होती. म्हणजे तुमच्या शाळा-कॉलेजच्या वर्षांत तुम्हाला जे आहे ते पूर्ण ओळखायची सोयच त्या पुस्तिकेत नव्हती. सासूबाईंच्या वेळीही अशी माणसं होती. त्यांच्याकडे शब्द नव्हता. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दिसलेलं आहे. तुमच्या माहेरी एखादे काका, एखादी आत्या नक्की आठवेल.

त्यात मुलगी, हुशार, आणि दोन्ही एकत्र. ऑटिझमची शिस्त एडीएचडीचा गोंधळ झाकते: याद्या, गजर, तासभर आधी निघणं. आणि एडीएचडीचा उत्साह, पटकन बोलणं, नव्याची ओढ यामुळे ऑटिझम दिसत नाही. ‘ही? ही तर किती बोलते!’ दोघं एकमेकांवर पांघरूण घालतात आणि बाहेरून दिसते ती फक्त एक जरा विचित्र, जरा दमलेली बाई. शब्दांनीही आपल्याला मदत केली नाही. ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द मला कधीच पटला नाही. स्वतःत मग्न असलेली बाई समोरच्याला काय वाटेल या काळजीत रात्र काढत नाही. ‘अतिचंचलता’ म्हटलं की बाकावर उड्या मारणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. तुमची चंचलता डोक्यात आहे, शरीर आपलं गप्प बसलेलं. म्हणून मी सरळ ऑटिझम आणि एडीएचडीच म्हणते.

आता उपमा. तुमच्या पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य तेच होतं, कारण दोन्ही एकत्र असण्याचं सगळं दुखणं त्यात आहे. एका अर्ध्या भागाला रोज तेच हवं. दुसरा अर्धा त्याच गोष्टीला विटतो. नुसत्या ऑटिझमसाठी सांगितलेलं काटेकोर वेळापत्रक तुम्हाला सहा आठवड्यांत गुदमरवेल, आणि नुसत्या एडीएचडीसाठी सांगितलेलं ‘रोज काहीतरी नवं करा’ तुम्हाला घाबरवेल. मला जे उपयोगी पडलं ते असं: चौकट पक्की ठेवायची आणि आतला माल बदलता ठेवायचा. नाश्ता सव्वासातला, त्याच वाटीत, त्याच खुर्चीत. पण वाटीत काय याचे तीनच पर्याय, फ्रिजच्या दारावर लिहून ठेवलेले. उपमा विटला की पोहे, पोहे विटले की दही-भाकरी. चौथा शोधायचा नाही. आणि एखादी सवय दीड-दोन महिन्यांनी मोडली तर ‘पुन्हा मीच हरले’ असं म्हणायचं नाही. तिची मुदत संपली. मुदत ठेव जशी संपल्यावर नव्याने ठेवता, तशी दुसरी सुरू करायची.

बाकी घरासाठी एकच गोष्ट धरून चाला: जे डोक्यात ठेवावं लागतं ते डोक्याबाहेर काढायचं. दूध दुधाच्या कुकरमध्ये तापवा, आणि त्याच्या शिट्टीने दचकायला होत असेल तर टायमर असलेल्या इंडक्शनवर. वीजबिल, विम्याचा हप्ता, शाळेची फी, जिथे शक्य तिथे खात्यातून आपोआप जाऊ द्या. डबे पारदर्शक, कारण दिसलं नाही ते आपल्यासाठी नसतंच. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात भाजी सडते ती याचमुळे. भाजी दारात ठेवा आणि सॉस-लोणच्यांना खालचा कप्पा द्या. किल्लीचा खिळा दाराच्या आत, हात पोचेल तिथे. भूक-तहान तुम्हाला वेळेवर कळते का? आपल्यातल्या बऱ्याच जणींना कळत नाही. चार वाजता चक्कर येते, हात थरथरतात, चिडचिड होते, तेव्हा आठवतं की डबा तसाच आहे. म्हणून जेवण भुकेवर सोडू नका, एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधा. शेजारच्या टेबलावरची डबा उघडते तेव्हा माझाही उघडायचा, असं.

पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणा. हे मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण या एका गोष्टीवर फार जणी अडून बसतात. विकतच्या पोळीने वाचलेला पाऊण तास मुलीजवळ बसण्यात गेला तर तो वाया गेलेला नाही.

आणि एकटीने न होणारं काम सोबतीने होतं, हा आपल्या मेंदूचा मोठा गुण आहे. कुणी मदत करायची गरज नसते, नुसतं शेजारी बसायचं. इंग्रजीत याला आता बॉडी डबलिंग म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात चाळीतल्या बायका एकत्र बसून पापड लाटायच्या, दुपारी ओट्यावर गहू निवडायच्या. एकटीला तो डबाभर गहू संपला नसता. कपड्यांच्या घड्या घालताना बहिणीला फोन लावून ठेवा. ती तिची भांडी घासेल, तुम्ही तुमच्या घड्या घाला. बोललंच पाहिजे असं नाही.

लोकलचं लिहिलं नाहीत, पण डोंबिवलीहून बँकेत जाता म्हणजे ते असणारच. डोंबिवलीहून सुटणारी लोकल मिळत असेल तर वीस मिनिटं जास्त लागली तरी ती धरा. बसायला मिळणं आणि खिडकी मिळणं यावर तुमची संध्याकाळ ठरते. कानात फोमचे बोळे घाला. मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. गाणी लावली तर आवाजात आवाज वाढतो.

औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनी घ्यायचा आहे, मी फक्त भीती कमी करते. ऑटिझमवर औषध नसतं. एडीएचडीवर असतं, आणि बऱ्याच जणांना त्याचा चांगला उपयोग होतो. मिथाइलफेनिडेट हे त्यातलं प्रमुख औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. म्हणून दुकानदार चिठ्ठीची प्रत ठेवून घेतो, आणि ते सगळ्या दुकानांत मिळत नाही. त्याने तुमच्याकडे निरखून पाहिलं तर खाली मान घालू नका, तो नियम पाळतो आहे. औषध सुरू करण्याआधी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी होईल. अॅटोमॉक्सेटीन हे एडीएचडीवरचं दुसरं औषध दिलं तर परिणाम दिसायला काही आठवडे जातात, चार दिवसांत सोडून देऊ नका. आणखी एक: काही जणांना एडीएचडीचं औषध सुरू झाल्यावर ऑटिझम जास्त जाणवू लागतो. डोक्यातला गलका कमी होतो आणि बाहेरचा नळ, पंखा, कुकर एकदम मोठे ऐकू येतात. तसं झालं तर डॉक्टरांना तसंच सांगा. शिवाय तुमचं वय ४३. पाळी मागेपुढे होऊ लागली असेल तर तारखा लिहून ठेवा. या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वरखाली होतं आणि विसराळूपणा, चिडचिड, थकवा वाढल्याचं एडीएचडी असलेल्या बऱ्याच बायका सांगतात. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि मानसोपचारतज्ज्ञांना एकमेकांचं माहीत असू द्या.

रडू येतं, राग येतो. येऊ द्या. दहावीत वही घरी विसरल्याबद्दल वर्गाबाहेर उभी राहिलेली एक मुलगी तुमच्यात अजून उभी असेल, तिच्यासाठी कुणीतरी रडायलाच हवं होतं. पण जगणं नको असं वाटू लागलं, तर ते एकटीने सहन करू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

आता कुणाला सांगायचं ते. सासूबाईंना शब्द सांगायची गरज नाही. ‘मला मिक्सरच्या आवाजाचा त्रास होतो, लावायच्या आधी हाक मारा, मी आत जाते’ एवढं त्यांना कळतं आणि पुरतंही. ऑफिसात घाई करू नका. आधी काय हवं ते ठरवा: दारापासून लांबचं टेबल, तोंडी सूचनांऐवजी मेल, दुपारची दहा मिनिटं. हे मागायला निदान सांगावं लागत नाही, ‘असं केलं तर माझ्याकडून काम चोख होतं’ एवढं पुरतं. नाहीच ऐकलं तर कायदा माहीत असावा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. एडीएचडी वेगळा दिलेला नाही. प्रमाणपत्र सरकारी तपासणीनंतर मिळतं आणि बऱ्याच सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व ही किमान मर्यादा आहे. आयुष्यभर लपवत आलेल्या बाईची टक्केवारी त्याखाली येऊ शकते. तसं झालं तरी तुमचं निदान खोटं ठरत नाही.

यजमानांशी मात्र पूर्ण बोला. वही दिल्यानंतर. ते तुमचे शत्रू नाहीत. त्यांना बहुधा भीती वाटते आहे की ज्या बाईला ते ओळखतात ती आता वेगळी कुणी निघाली. त्यांना सांगा, मी तीच आहे, मला फक्त लपवून लपवून थकायला झालंय, आणि यातलं थोडं काम तुम्ही घ्या. काय घ्या ते नेमकं सांगा. ‘मदत करा’ म्हणू नका, ‘दूध तुमचं’ म्हणा.

आणि मुलगी. हो, सांगा. तिला स्वतःचं माहीत झालेलं आहे, आणि ती रोज संध्याकाळी बाथरूमच्या बंद दारासमोरून जाते. तिनं त्याचा काहीतरी अर्थ लावलेलाच असणार, आणि मुलं बहुतेक वेळा तो स्वतःवर घेतात: माझ्यामुळे आई दमते. तिला समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून सांगू नका. तसं बोलणं तुम्हालाही जड जातं आणि तिलाही. दोघी बाजूबाजूला बसा, हातात काहीतरी घ्या. मटार सोलायला घ्या. सोलता सोलता सांगा की डॉक्टरांनी तुला जे सांगितलं ना, ते मलाही आहे, मला ते फार उशिरा कळलं. संध्याकाळी मी अंधारात बसते ती कान आणि डोळे दमतात म्हणून, तुझ्यामुळे नाही. तिनं काही विचारलं तर उत्तर द्या. काहीच बोलली नाही तर तुम्हीही बोलू नका, शेंगा तिच्याकडे सरकवा आणि सोलत राहा.